घड्याळ नसलेली खोली : घरगुती ध्वनिमुद्रणाचा इतिहास

१/
नोव्हेंबर १९०२, कलकत्ता. ग्रामोफोन कंपनीचे तंत्रज्ञ फ्रेड गायस्बर्ग यांनी हॉटेलातल्या एका खोलीत ध्वनिमुद्रणाची सामग्री मांडली होती. गौहरजान गायला बसल्या. समोर मोठा कर्णा, कर्ण्याच्या दुसऱ्या टोकाशी सुई आणि सुईखाली फिरणारी मेणाची तबकडी. तीवर मावणार होते जेमतेम तीन मिनिटांचे गाणे. मैफलीत तासभर रंगणारा राग तेवढ्यात आटोपायचा आणि शेवटी इंग्रजीतून स्वतःचे नाव पुकारायचे. तबकडी जर्मनीतील हॅनोव्हरच्या कारखान्यात गेली की तेथील कारागिरांना ती कोणाची आहे हे त्यावरून कळे.

२/
यंत्र कंपनीचे, खोली कंपनीने घेतलेली, वेळ कंपनीने ठरवलेली. गायिकेचे होते ते फक्त गाणे. पुढची कित्येक दशके जगभर हेच नाते टिकले. आज कोल्हापुरातली एखादी विद्यार्थिनी माइक, हेडफोन आणि लॅपटॉप जमवून आपल्या खोलीत गाणे मुद्रित करते, तेव्हा या नात्याचा शेवट झालेला असतो. तो कसा झाला, याचा इतिहास म्हणजे काही खरेद्यांचा इतिहास आहे. आणि त्या खरेद्या बारकाईने पाहिल्या, तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते : संगीतकारांनी यंत्रांच्या रूपाने मुख्यतः वेळ विकत घेतला.

३/
वेळ का, हे समजण्यासाठी जुन्या स्टुडिओत डोकावावे लागेल. मुंबईत ताडदेवचे फिल्म सेंटर किंवा वांद्र्याचा मेहबूब स्टुडिओ येथे चित्रपटगीत मुद्रित होई, तेव्हा गायक आणि कित्येक डझन वादक एकाच वेळी गात-वाजवत. गोव्याहून आलेले व्हायोलिन आणि ट्रंपेटवादक समोर ठेवलेल्या स्वरलिपीवरून वाजवीत. सेबॅस्टियन डिसूझांसारखे संयोजक ती स्वरलिपी लिहीत. एकाचा सूर हुकला की सर्वांनी आरंभापासून वाजवायचे. स्टुडिओचे भाडे तासांवर, वादकांचे मानधन पाळीवर. अशा खोलीत प्रयोग करून पाहण्याची मुभा अगदी मोजक्या लोकांना असे. चुकण्याची किंमत फार मोठी होती.

४/
या घड्याळाला पहिला धक्का बसला तो चुंबकीय फितीमुळे. जर्मनीतील एईजी कंपनीने १९३५ साली ‘मॅग्नेटोफोन’ हे यंत्र जगासमोर आणले. दुसऱ्या महायुद्धानंतर जॅक मलिन या अमेरिकी सैनिकी अभियंत्याने अशी दोन यंत्रे सुटी करून मायदेशी नेली. तेथे त्यांचा सर्वांत उत्साही ग्राहक ठरला गायक बिंग क्रॉस्बी.

अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांच्या वेळेत तीन तासांचा फरक. त्यामुळे रेडिओवरील मोठ्या कलावंतांना अनेकदा एकच कार्यक्रम दोनदा, प्रत्यक्ष सादर करावा लागे. क्रॉस्बींना हे जाचक वाटे. १९४७ मध्ये त्यांचा कार्यक्रम फितीवर मुद्रित होऊन प्रसारित होऊ लागला. अँपेक्स या तेव्हाच्या छोट्या कंपनीला त्यांनी ५०,००० डॉलरचे पाठबळही दिले. फितीचे यंत्र अमेरिकेत रुजले ते वेळेच्या जाचातून सुटू पाहणाऱ्या एका गायकामुळे.

५/
क्रॉस्बींच्याच सहवासातला एक गिटारवादक म्हणजे लेस पॉल. हॉलिवूडमधील आपल्या घराच्या गॅरेजमध्ये त्यांनी स्वतःचा स्टुडिओ थाटला होता. तबकड्या कोरण्याचे यंत्र त्यांनी स्वतः बांधले. त्याची चकती स्थिर गतीने फिरावी म्हणून कॅडिलॅक मोटारीचे फ्लायव्हील वापरले. ते एका तबकडीवर गिटार मुद्रित करीत, मग ती वाजवून तिच्या साथीने दुसरी गिटार वाजवीत आणि दोन्हींचा मेळ तिसऱ्या तबकडीवर उतरवीत. १९४८ साली कॅपिटॉल कंपनीने प्रकाशित केलेल्या ‘लव्हर’ या धूनेत अशा आठ गिटारी ऐकू येतात. वाजवणारा माणूस एकच.

६/
पुढे क्रॉस्बींनी त्यांना अँपेक्सचे फितीचे यंत्र भेट दिले. लेस पॉल यांनी त्यात एक जादा हेड बसवून घेतले आणि एकाच फितीवर आधीच्या आवाजावर नवा आवाज चढवण्याची सोय केली. मात्र नवा थर चढला की जुना थर स्वतंत्रपणे उरत नसे. दहाव्या थरात चूक झाली तर आधीचे नऊही गेले. १९५१ साली अमेरिकेत अग्रस्थानी पोहोचलेले ‘हाऊ हाय द मून’ हे गीत लेस पॉल आणि त्यांची पत्नी, गायिका मेरी फोर्ड यांनी याच पद्धतीने घरी रचले.

स्टुडिओत तासाला पैसे मोजून असा जुगार कोणी खेळला नसता. घरात मात्र सगळे पुसून पहाटेपर्यंत पुन्हा बसता येत होते.

७/
१९५७ मध्ये अँपेक्सने लेस पॉल यांना आठ ट्रॅकचे यंत्र बनवून दिले. आता प्रत्येक आवाज फितीच्या वेगळ्या पट्ट्यावर राहणार होता. एक बिघडला तर तेवढाच पुन्हा घ्यायचा. आजच्या प्रत्येक संगीत-सॉफ्टवेअरच्या पडद्यावर एकाखाली एक दिसणारे आडवे पट्टे याच कल्पनेचे वंशज आहेत. या यंत्राची किंमत होती सुमारे १०,००० डॉलर.

घरात स्टुडिओ असू शकतो हे सिद्ध झाले होते. पण ते घर यशस्वी तारकाचेच असावे लागे. सामान्य वादकाला ही खोली अजून परवडणारी नव्हती.

८/
तो दरवाजा उघडला एका अगदी साध्या वस्तूने. फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ-प्रदर्शनात कॅसेट आणली. लू ओटन्स यांच्या नेतृत्वाखाली घडलेली ही छोटी फीत बोललेला मजकूर टिपण्यासाठी योग्य मानली जाई. संगीताच्या गंभीर कामासाठी तिचा कोणी विचार करीत नसे, कारण तिची पट्टी अरुंद, गती मंद आणि पार्श्वभूमीला सतत ‘स्स्स’ असा आवाज.

१९७९ साली जपानच्या टीॲक कंपनीने ‘पोर्टास्टुडिओ १४४’ हे यंत्र बाजारात आणले. मिश्रणाची बटणे आणि चार ट्रॅकचा रेकॉर्डर एकाच पेटीत, मेजावर मावेल एवढ्या आकारात. किंमत हजार-बाराशे डॉलरांच्या घरात. चाळीस वर्षांत घडले नव्हते ते या पेटीने केले.

९/
तिची युक्ती समजून घेण्याजोगी आहे. साध्या कॅसेटवर चार पट्टे असतात : एका बाजूचे डावा-उजवा असे दोन आणि कॅसेट उलटल्यावर दुसऱ्या बाजूचे दोन. पोर्टास्टुडिओने कॅसेट उलटणे रद्द केले आणि चारही पट्टे एकाच दिशेने वापरले. आवाज सुधारावा म्हणून फितीची गती दुप्पट केली. परिणामी साठ मिनिटांच्या कॅसेटवर पंधराच मिनिटे मावू लागली, पण त्या पंधरा मिनिटांत चार स्वतंत्र आवाज राहू लागले.

चार कमी पडले तर? तीन ट्रॅक भरायचे, त्यांचे मिश्रण चौथ्यावर उतरवायचे आणि पहिले तीन मोकळे करून पुन्हा भरायचे. प्रत्येक उतरवणीत खरखर वाढे. शिवाय ढोलाचा आवाज किती आणि गिटारचा किती, हे तेव्हाच ठरवावे लागे. नंतर पालटता येत नसे. घरातला वेळ मुबलक होता, पण निर्णय पुढे ढकलता येत नव्हते. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरेल.

१०/
जानेवारी १९८२. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातले कोल्ट्स नेक गाव. ब्रूस स्प्रिंगस्टीन तोवर मोठे तारक झाले होते. स्टुडिओत जाऊन गाणी रचण्यात पैसा आणि महिने खर्ची पडतात, म्हणून गाणी आधी घरीच तयार करावीत असे त्यांनी ठरवले. त्यांचे तंत्रज्ञ माइक बॅटलन यांनी पोर्टास्टुडिओ विकत आणला. सोबत शुअर कंपनीचे दोन एसएम-५७ माइक. हा माइक १९६५ पासून मिळतो, तो महाग नाही, आणि आजही जगभरच्या स्टुडिओंत आढळतो.

शयनगृहात बसून त्यांनी गिटार, हार्मोनिका आणि आवाज यांत गाणी मुद्रित केली, आणि अंतिम मिश्रण पाण्याने एकदा बिघडलेल्या पॅनासॉनिकच्या कॅसेट-प्लेअरवर उतरवले. हेतू एवढाच की साथीच्या वाद्यवृंदाला गाणी ऐकवता यावीत.

११/
वाद्यवृंदासह स्टुडिओत तीच गाणी पुन्हा मुद्रित झाली. सामग्री उत्तम, वादक नामांकित, आणि तरीही काहीतरी हरवले होते. एकट्या माणसाने रात्री स्वतःशी गुणगुणावे तसा जो भाव त्या कॅसेटवर उतरला होता, तो स्टुडिओत पुन्हा सापडेना. अखेर कच्ची कॅसेटच प्रकाशित करायचे ठरले. ती कॅसेट स्प्रिंगस्टीन खिशात, वेष्टनाविना घेऊन हिंडत असत! तिचा क्षीण ध्वनी तबकडीवर नीट उतरवताना तंत्रज्ञ जेरीस आले.

सप्टेंबर १९८२ मध्ये ‘नेब्रास्का’ हा संग्रह आला. कच्चा खर्डा हाच पक्का ग्रंथ ठरला. डेमो आणि अंतिम कृती यांच्यामधली भिंत या एका कॅसेटने खिळखिळी केली.

१२/
त्याच सुमारास जपानमध्ये आणखी एक कंपनी ‘खर्ड्यासाठी’ यंत्रे बनवत होती. इकुतारो काकेहाशी यांनी १९७२ साली स्थापन केलेली ही रोलंड. तिचे टीआर-८०८ हे तालयंत्र १९८० मध्ये आले. त्याच वर्षी अमेरिकेत आलेले लिन एलएम-१ हे तालयंत्र खऱ्या ड्रमचे मुद्रित आवाज वाजवी आणि त्याची किंमत जवळपास ५,००० डॉलर होती. ८०८ सुमारे १,२०० डॉलरना मिळे, पण त्याचा आवाज खऱ्या ड्रमसारखा मुळीच नव्हता. तो विद्युत-मंडलांतून घडवलेला होता. पुढे काकेहाशींनीच सांगितले की त्याच्या विशिष्ट खरखरीसाठी मुद्दाम सदोष ट्रान्झिस्टर वापरले होते.

त्यापाठोपाठ १९८१ मध्ये टीबी-३०३ आले. एकट्या गिटारवादकाला सरावासाठी बेसची साथ मिळावी, हा त्याचा उद्देश. बाजाराने दोघांनाही नाकारले. ८०८ चे उत्पादन १९८३ मध्ये थांबले, ३०३ चे १९८४ मध्ये.

१३/
नाकारलेल्या या यंत्रांचा एक सुरुवातीचा ग्राहक मुंबईचा होता. चरणजित सिंग हे शंकर-जयकिशन, राहुल देव बर्मन यांच्यासारख्या संगीतकारांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे गिटार आणि की-बोर्डवादक. त्या काळी परदेशी वाद्ये भारतात आणणे म्हणजे आयातीचे निर्बंध आणि जबर जकात. म्हणून दौऱ्यावर गेलेले कलावंत सिंगापूर किंवा दुबईत खरेदी करीत. सिंग यांनी सिंगापूरमध्ये रोलंडची यंत्रे घेतली. टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर एकमेकांना जोडून त्यांनी तबल्याऐवजी यांत्रिक ठेका लावला आणि त्यावर भैरव, ललत, यमन यांसारखे राग वाजवले.

‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी एचएमव्हीने १९८२ मध्ये काढली. ती फारशी कोणी घेतली नाही.

१४/
पाच वर्षांनी अमेरिकेतील शिकागो शहरात काही कृष्णवर्णीय तरुणांच्या हाती एक जुना टीबी-३०३ लागला. नवा माल बाजारातून गेला होता, म्हणून सेकंडहँड यंत्र स्वस्तात मिळे. सूचनापुस्तिकेतले नियम बाजूला ठेवून त्यांनी त्याच्या खुंट्या वाजत असतानाच पिळल्या आणि एक चिरकत, वळसे घेत जाणारा आवाज निघाला. फ्यूचर या त्यांच्या गटाची ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही तबकडी १९८७ मध्ये आली आणि ‘ॲसिड हाऊस’ नावाची नवी शैलीच जन्मली.

चरणजित सिंग यांची तबकडी २००२ मध्ये एका डच संग्राहकाला भारतात सापडली आणि २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाली, तेव्हा जग चकित झाले. शिकागोच्या तरुणांनी ती ऐकली असल्याचा कोणताही पुरावा नाही. दोन खंडांतल्या अपरिचित माणसांना तेच नाकारलेले यंत्र मिळाले आणि दोघांनीही ते त्याच्या निर्मात्याने न योजलेल्या कामी लावले, एवढेच खरे. सिंग यांचे २०१५ मध्ये मुंबईत निधन झाले. उशिरा का होईना, दाद त्यांना हयातीत मिळाली.

१५/
आता यंत्रे स्वस्त होती, पण एकमेकांशी बोलत नव्हती. प्रत्येक कंपनीची जोडणी निराळी. काकेहाशी आणि अमेरिकी वाद्यनिर्माते डेव्ह स्मिथ यांच्या पुढाकाराने प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र आल्या आणि ‘मिडी’ नावाची सामायिक भाषा ठरली. जानेवारी १९८३ मध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एका वायरीने जोडून जाहीरपणे वाजवून दाखवली गेली.

मिडीच्या वायरीतून ध्वनी जात नाही; सूचना जातात : कोणता स्वर, किती जोराने, केव्हा दाबला, केव्हा सोडला. म्हणूनच एकदा वाजवलेली ओळ नंतर दुसऱ्या वाद्याच्या आवाजात ऐकता येते किंवा चुकलेला एकच स्वर दुरुस्त करता येतो. ही भाषा कोणीही विनामूल्य वापरावी, असे ठरले. छोट्या खोलीत एका माणसाने वाद्यवृंद उभा करणे या निर्णयामुळे शक्य झाले.

१६/
अशा खोलीची भारतातील सर्वांत प्रसिद्ध कथा चेन्नईची आहे. आर. के. शेखर हे मल्याळी चित्रपटसृष्टीतले संगीतकार व संयोजक. १९७६ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा होता. घरात संपत्ती म्हणावी अशी एकच गोष्ट उरली होती : वडिलांची वाद्ये. आई करीमा बेगम यांनी ती भाड्याने देऊन संसार चालवला.

ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. या कुटुंबात यंत्रसामग्री हा छंद नव्हता. तिच्यावर घरची चूल पेटत होती. मुलगा मोठा होऊन इतरांच्या वाद्यवृंदांत की-बोर्ड वाजवू लागला, जाहिरातींच्या धूना रचू लागला. तोच ए. आर. रहमान.

१७/
१९८९ मध्ये रहमान यांनी घराच्या आवारात ‘पंचतन रेकॉर्ड इन’ हा स्टुडिओ सुरू केला. खोली तयार झाली, पण आत ठेवायला यंत्रे नव्हती. रहमान यांनी पुढे सांगितले आहे की त्या खोलीत वातानुकूलक, एक फडताळ आणि गालिचा एवढेच होते, आणि ते त्यात नुसते बसून राहत. पहिले ध्वनिमुद्रण-यंत्र आले ते आईने आपले दागिने दिल्यावर. त्या क्षणी आपले भविष्य दिसले, अशी त्यांची आठवण आहे.

भारतीय घरात दागिने मोडतात ते आजारपणासाठी, शिक्षणासाठी, लग्नासाठी. आईने ते यंत्रासाठी दिले, तेव्हा तिने मुलासाठी एक खोली आणि तिच्यातले तास विकत घेतले. यशाची हमी कोणीच दिलेली नव्हती.

१८/
दिग्दर्शक मणिरत्नम यांनी याच स्टुडिओत रहमान यांच्या रचना ऐकल्या आणि ‘रोजा’चे काम सोपवले. ऑगस्ट १९९२ मध्ये चित्रपट आला. पदार्पणातच राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

‘रोजा’चे संगीत ऐकणाऱ्यांना नवे वाटले, याचे एक कारण काम करण्याच्या पद्धतीत होते. मोठ्या स्टुडिओत पाळी संपण्याआधी गाणे संपवावे लागे. रहमान रात्ररात्र काम करीत. वादक एकेक करून येत, वाजवून जात, आणि त्यातले काय ठेवायचे, कशावर काय चढवायचे, हे नंतर सावकाश ठरे. गाणे आधी लिहून मग मुद्रित करायचे, हा क्रम मोडला. मुद्रण हेच लेखन झाले. लेस पॉल यांनी गॅरेजात चालवलेली रीत अशी चित्रपटसृष्टीच्या मध्यभागी आली.

१९/
या कथेची दुसरी बाजूही आहे, आणि तिच्याकडे पाठ फिरवणे अन्यायाचे ठरेल. ज्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताला तो भरीव, रुंद आवाज दिला, त्यांचा रोजगार सिंथेसायझर आणि मल्टिट्रॅक यांच्या लाटेत ओसरला. गोव्यातील माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस हे या पिढीचे प्रतिनिधी. प्यारेलाल आणि राहुल देव बर्मन यांना त्यांनी व्हायोलिन शिकवले. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तील नायकाच्या नावातून प्यारेलाल यांनी गुरूला वंदन केले. अशा शिक्षकांच्या हाताखाली घडलेल्या वादकांना एकत्र वाजवण्याची शिस्त होती. शेजारच्याचा श्वास ऐकून आपला गज चालवणे ही विद्या एकट्याच्या खोलीत शिकता येत नाही.

एकाला मिळालेले स्वातंत्र्य अनेकांच्या पाळ्या संपवून आले. घरगुती स्टुडिओच्या इतिहासात हा हिशेब मांडावाच लागतो.

२०/
नव्वदच्या दशकात किमती कोसळल्या. अलेसिस कंपनीचे ‘ॲडॅट’ हे यंत्र साध्या व्हिडिओ-कॅसेटसारख्या फितीवर आठ डिजिटल ट्रॅक मुद्रित करी. किंमत सुमारे ४,००० डॉलर. १९९५ चा अलानिस मॉरिसेट यांचा गाजलेला ‘जॅगेड लिटल पिल’ हा संग्रह बराचसा एका निर्मात्याच्या घरगुती स्टुडिओत ॲडॅटवरच घडला. १९९१ मध्ये आलेल्या प्रो टूल्सने फीतच काढून टाकली आणि संगणकाच्या पडद्यावर ध्वनी कापण्या-जोडण्याची सोय केली. २००४ मध्ये ॲपलने गॅरेजबँड हे सॉफ्टवेअर नव्या संगणकांसोबत देऊन टाकले. त्याचे नाव मुद्दाम गॅरेजवरून ठेवले होते.

पुढे बिली आयलिश आणि त्यांचे बंधू फिनिअस यांनी लॉस एंजेलिसमधील घरातल्या छोट्या शयनगृहात एक संग्रह रचला. जानेवारी २०२० मध्ये त्याला वर्षातील सर्वोत्कृष्ट संग्रहाचे ग्रॅमी मिळाले.

२१/
मग आज घरासाठी सामग्री घेणाऱ्याला हा इतिहास काय सांगतो? आवश्यक वस्तू थोड्याच आहेत. आवाज टिपणारा माइक. त्या आवाजाचे आकड्यांत रूपांतर करणारा इंटरफेस. सीडीच्या मापाप्रमाणे तो दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाज मोजतो. ऐकण्यासाठी विश्वासू हेडफोन. आणि संगणक.

पाचवी वस्तू दुकानात मिळत नाही : शांत खोली. उघड्या भिंतींवरून परतणारा आवाज महागड्या माइकलाही गढूळ करतो. भिंतीवर टांगलेल्या जाड गोधड्या तीव्र स्वरांचा निनाद बऱ्यापैकी शोषतात. खर्जातला घुमारा मात्र त्यांना दाद देत नाही. संवेदनशील माइक घेतला तर पंख्याची घरघर आणि शेजारच्या कुकरची शिट्टीही गाण्यात येते. म्हणून गजबजलेल्या घरात साधा डायनॅमिक माइक जवळ धरणे अनेकदा अधिक शहाणपणाचे.

२२/
या धाग्यातली यंत्रे एका ओळीत मांडून पाहावीत. पोर्टास्टुडिओ डेमोसाठी होता. टीबी-३०३ सरावासाठी होता. कॅसेट तर मुळात संगीतासाठीही नव्हती. प्रत्येक वेळी दुय्यम मानलेले यंत्र कोणाच्या तरी घरी गेले आणि तेथे भरपूर वेळ मिळाल्यामुळे पहिल्या प्रतीचे काम करून गेले.

आणि एक फरक नोंदवावा. चार ट्रॅकच्या पेटीत निर्णय आजच घ्यावा लागे. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक हवे तेवढे, पूर्ववत करण्याची सोय हवी तितकी. त्यामुळे वेळ मुबलक झाला आहे, पण गाणे ‘झाले’ असे म्हणण्याची सक्ती उरलेली नाही. नवे यंत्र घेतल्यावर गाणे पुरे होईल, या आशेवर असंख्य गाणी अर्धवट पडून असतात.

२३/
गौहरजान यांना तीन मिनिटे मिळाली आणि शेवटी आपले नाव सांगावे लागले, कारण ध्वनी त्यांच्या हातून निघून हॅनोव्हरला जाणार होता. स्प्रिंगस्टीन यांची कॅसेट त्यांच्याच खिशात राहिली. रहमान यांचे पहिले यंत्र आईच्या दागिन्यांच्या मोलाने त्यांच्याच खोलीत आले. या तीन टप्प्यांत ध्वनीची गुणवत्ता सरळ रेषेत वाढत गेली असे नाही. ‘नेब्रास्का’ची कॅसेट त्या काळच्या कोणत्याही बऱ्या स्टुडिओतील मुद्रणापेक्षा अधिक खरखरीत होती.

सरळ रेषेत वाढत गेला तो मालकी हक्क : गाणे केव्हा सुरू करायचे, किती वेळा चुकायचे आणि कोठे थांबायचे, हे ठरवण्याचा.

(धागा समाप्त)